लार्ज फॉरमॅटची पहिली खरेदी: आधी लेन्स, मग कॅमेरा

लार्ज फॉरमॅट फिल्मचं वेड डोक्यात शिरलं की माणूस आधी कॅमेरे बघत सुटतो. चेरीच्या लाकडाचे, पितळी स्क्रूंचे, लाल बेलोजचे. दिसतातच तसे देखणे. पण खरेदी कॅमेऱ्यापासून सुरू केली की पुढे हमखास पंचाईत होते. हवी ती लेन्स त्यावर बसत नाही, बसली तर फोकस होत नाही, आणि फोकस झालीच तर देवळाचा कळस फ्रेममध्ये घेताना फोटोचे कोपरे काळे पडतात. म्हणून क्रम वेगळा धरायचा. आपण काय टिपणार, त्याला कोणती लेन्स पुरेल, आणि ती लेन्स पेलणारा कॅमेरा कोणता.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला नाशिककराला लांब जावं लागत नाही. गोदाघाटावरची देवळं, जुन्या नाशकातले वाडे, पांडवलेणी, अंजनेरी आणि ब्रह्मगिरीचे कडे, शिवाय सिन्नरचं गोंदेश्वर. रामकुंडावरची गर्दी सोडली तर यातलं काहीच हलत नाही, आणि बरंच काही उंच आहे. लेन्स निवडताना या दोन्ही गोष्टी कामाला येतात.

आता मुळापासून. लार्ज फॉरमॅट म्हणजे रोलऐवजी सुट्या शीटवर काढलेला फोटो. सगळ्यांत प्रचलित माप ४×५ इंच. होल्डरच्या, म्हणजे फिल्म धरणाऱ्या चपट्या पेटीच्या, कडा वगळून प्रत्यक्ष चित्र साधारण ९५×१२० मिलिमीटरचं येतं, म्हणजे क्षेत्रफळाने नेहमीच्या ३५ एमएम फ्रेमच्या तेरापट. त्यावर ५×७ आणि ८×१० ही मापं आहेत, पण सुरुवातीला त्यांच्या वाटेला जाऊ नये. फिल्म, होल्डर, लेन्स, ट्रायपॉड सगळंच महाग आणि जड होत जातं, आणि जे शिकायचं ते सगळं ४×५ वर शिकता येतं.

कॅमेरा म्हणाल तर त्यात यंत्र असं फारसं नसतंच. पुढे एक चौकट, मागे एक चौकट, मध्ये घड्यांचा बेलोज. पुढच्या चौकटीत लेन्स, मागच्या चौकटीत ग्राउंड ग्लास नावाची दुधी काच. काचेवर चित्र उलटं पडतं, डावं-उजवंही बदललेलं. डोक्यावर काळं कापड घेऊन ते बघायचं, भिंगाने फोकस तपासायचा, मग काचेच्या जागी फिल्म होल्डर सरकवायचा. शटर सहसा कॅमेऱ्यात नसतं, ते लेन्सच्या पोटात असतं.

डिजिटलवरून आलेला माणूस सगळ्यात जास्त गोंधळतो तो इथे: या दुनियेत कंपनीची जोडी जुळवावी लागत नाही. निकॉनची लेन्स टोयोच्या कॅमेऱ्यावर चालते, श्नायडरची चामोनिक्सवर. लेन्स एका छोट्या फळीवर बसवतात, तिला लेन्स बोर्ड म्हणतात, आणि ही फळी कॅमेऱ्यात अडकते. गाडी अडते ती तीनच ठिकाणी: बोर्डाचं माप, बेलोजची लांबी आणि लेन्सचं इमेज सर्कल. यातलं तिसरं सर्वांत महत्त्वाचं, आणि विकणारा नेमकं तेच लिहीत नाही.

इमेज सर्कल: इथे घाई नको

कुठलीही लेन्स चौकोनी चित्र पाडत नाही, गोल पाडते. टॉर्चचा झोत भिंतीवर पडतो तसा. त्या गोलात फिल्मचा चौकोन मावला पाहिजे. ३५ एमएम कॅमेऱ्यात हा गोल फिल्मपेक्षा जेमतेम मोठा असला तरी भागतं, कारण तिथे लेन्स फिल्मच्या मध्यासमोर पक्की बसलेली असते. लार्ज फॉरमॅटमध्ये ती हलवता येते: वर-खाली, डावी-उजवी, शिवाय कलती आणि तिरकीसुद्धा. या हालचालींना मूव्हमेंट्स म्हणतात, आणि हा सगळा खटाटोप करायचं निम्मं कारण त्याच आहेत. ४×५ च्या चित्राचा कर्ण साधारण १५३ मिमी भरतो. लेन्सचा गोल तेवढाच असेल तर फिल्म कशीबशी झाकली जाते. लेन्स बोटभर सरकवली की कोपरे गेले.

गोंदेश्वरासमोर कॅमेरा लावलाय असं धरा. कॅमेरा वर कलता करून फोटो काढला की देऊळ मागे रेलल्यासारखं दिसतं आणि दोन्ही बाजूंच्या रेषा वर जाऊन एकमेकींकडे झुकतात. फोनवर काढलेल्या देवळांच्या फोटोंत हे रोज दिसतं. लार्ज फॉरमॅटमध्ये कॅमेरा लेव्हलमध्ये, मागची चौकट ओळंब्यात ठेवायची आणि लेन्स नुसती वर सरकवायची. याला फ्रंट राइझ म्हणतात.

हिशेब करून बघू. लेन्स १५० मिमीची (ही तिची फोकल लेंग्थ, आकडा जितका लहान तितकं दृश्य जास्त मावतं), फ्रेम उभी, देऊळ ३० मीटरवर. त्या अंतरावर फ्रेममध्ये २४ मीटर उंची मावते. पण कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर आणि सरळ धरलेला, त्यामुळे त्या पातळीच्या वर १२ मीटर येतात आणि खालच्या अर्ध्या फ्रेममध्ये बहुतेक फरसबंदीच. म्हणजे देऊळ दिसतं ते साडेतेरा मीटर उंचीपर्यंत. आता लेन्स २० मिमी वर सरकवा. फ्रेम चार मीटरने वर उचलली जाते, साडेसतरा मीटरपर्यंतचं दिसतं, तेवढीच फरसबंदी कमी होते आणि उभ्या रेषा उभ्याच राहतात. ट्रायपॉड वाढवून हे जमायचं नाही. त्यासाठी समोर चार मीटरची माची बांधावी लागेल.

या २० मिमीसाठी लेन्सचा गोल किमान १८७ मिमीचा लागतो. ३० मिमी सरकवायची असेल तर २०४ च्या आसपास. आता बाजारात काय मिळतं ते बघा. श्नायडरची १५० मिमी सिमार-एस आणि निकॉनची निकॉर डब्ल्यू, दोन्हींचा गोल २१० मिमी. रोडेनस्टॉकच्या सिरोनार-एनचा २१४. तिघींतली कुठलीही देवळाला पुरून उरते. याउलट श्नायडरचीच ९० मिमी एफ ६.८ ची जुनी अँगुलॉन. इवलीशी, स्वस्त, खिशात मावणारी. तिचा गोल १५४ च्या आसपास, म्हणजे फिल्म झाकली आणि विषय संपला, सरकवायला जागाच नाही. त्याच कंपनीच्या ९० मिमी एफ ८ सुपर अँगुलॉनचा गोल २१६. नावात एकच शब्द जास्त, पण वाड्यासमोर उभं राहिल्यावर जमीन-अस्मानाचा फरक. जुन्या प्रेस कॅमेऱ्यांसोबत येणाऱ्या १२७ मिमीच्या लेन्सही अशाच काठोकाठ असतात.

हे आकडे लहान एपर्चरला, साधारण एफ २२ ला आणि लांबवर फोकस असतानाचे आहेत. एपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं भोक, एफचा आकडा मोठा तितकं ते लहान. एपर्चर उघडं ठेवलं तर वापरण्याजोगा गोल थोडा आकसतो. जवळचं काही टिपताना तो मोठा होतो, कारण लेन्स फिल्मपासून लांब जाते. म्हणून टेबलावरच्या वस्तूंचे फोटो काढणाऱ्याला ही काळजी कमी.

लेन्स पुढे कलती करणं, म्हणजे टिल्ट, हीदेखील याच गोलातून जागा खाते. पायाजवळच्या घाटाच्या दगडापासून समोरच्या नारोशंकराच्या देवळापर्यंत सगळं स्पष्ट हवं असेल तर एपर्चर कितीही बारीक करण्यापेक्षा लेन्स किंचित पुढे झुकवायची. स्पष्टतेची पातळी फरशीच्या बरोबरीने आडवी पडते. या भूमितीला श्याइम्पफ्लुगचं नाव आहे. त्या ऑस्ट्रियन अधिकाऱ्याने १९०४ साली तिच्यावर पेटंट घेतलं होतं. पण टिल्टने उंच गोष्ट वाचत नाही, झुकलेल्या पातळीतून देवळाचा कळस बाहेर राहू शकतो. त्यामुळे शिकताना आधी राइझ, मग टिल्ट.

किती मिलिमीटरची?

३५ एमएमची सवय असेल तर लार्ज फॉरमॅटच्या आकड्याला साडेतीनने भागा. १५० म्हणजे साधारण ४३, ९० म्हणजे २६, २१० म्हणजे ६०. पहिली लेन्स म्हणून माझं मत सरळ १५० ला. ती भरपूर बनली, त्यामुळे जुन्यात सहज मिळते. बहुतेक आधुनिक १५० लहान शटरमध्ये येतात, वजनाला हलक्या असतात आणि कुठल्याही ४×५ कॅमेऱ्यावर विनातक्रार चालतात.

अपवाद आहे. तुम्हाला फक्त जुन्या नाशकातले वाडेच टिपायचे असतील तर १५० तिथे हात टेकते. गल्लीच्या पलीकडच्या भिंतीला पाठ लावून सहा मीटर अंतर मिळालं, तर आडव्या फ्रेममध्ये १५० ने जेमतेम ४.८ मीटर रुंदी मावते. दरवाजा आणि बाजूची एखादी खिडकी आली, झालं. ९० ने आठ मीटर. पण ९० ने शिकायला सुरुवात करणं अवघड जातं. काचेवरचं चित्र कडेला अंधारं दिसतं, बेलोज इतका आवळला जातो की लेन्स हलायला तयार होत नाही, आणि घडीच्या कॅमेऱ्यात उभी फ्रेम घेतली की खालची पाटी फोटोत डोकावते. पहिलं वर्ष १५० वर काढा आणि वाडे थोडे थांबू द्या. तसे ते भराभर पडतायत हे मलाही दिसतं, पण हडबडीत काढलेली काळ्या कोपऱ्यांची निगेटिव्ह त्यांच्या काय कामाची.

कड्यांचे, माणसांचे फोटो जास्त काढणार असाल तर २१० घ्या. तिचा गोल बहुधा आणखी मोठा असतो, फक्त शटर मोठं आणि वजन जास्त.

मोठ्या एपर्चरच्या, म्हणजे एफच्या लहान आकड्यांच्या, मागे मात्र अजिबात लागू नका. इथे फोटो एफ २२ किंवा ३२ लाच काढला जातो, कारण त्याशिवाय पुरेशी खोली स्पष्ट येत नाही. कडक उन्हात १०० आयएसओच्या फिल्मवर एफ ३२ ला शटर येतं सेकंदाच्या पंचविसाव्या भागाचं, सावलीत ते सेकंदाच्या घरात जातं. एफ ५.६ चा उपयोग काय, तर फोकस करताना काच उजळ दिसते. एफ ८ च्या दुप्पट. तो फायदा डोळ्यांचा आहे, फिल्मचा नाही.

जुनी लेन्स हातात घेतल्यावर

निकॉन आणि फुजीने या लेन्स बनवणं केव्हाच थांबवलंय, तेव्हा खरेदी जवळपास नक्की जुन्यातलीच. मुंबईला फोर्टातल्या बोरा बाजारात चक्कर मारून या, पंचवटी एक्स्प्रेसने एका दिवसात होतं. परदेशातून मागवणार असाल तर कस्टम्सचा खर्च आधी विचारून मगच भावाची तुलना करा.

लेन्स हातात आली की शटर टी किंवा बी वर उघडं ठेवायचं, एपर्चर पूर्ण उघडायचं आणि मागून फोनचा टॉर्च मारायचा, तिरका. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. त्र्यंबक-इगतपुरीकडच्या पावसाळ्यात बंद कपाटात राहिलेल्या लेन्सला ती लागतेच. कडेला एक-दोन धागे असतील तर भाव पाडून घेता येते, मधोमध पसरली असेल तर ठेवून द्या. कडेने इंद्रधनुष्यासारखी चकाकी म्हणजे भिंगांचा जोड सुटायला लागलाय. सर्वत्र दुधी धुकं असेल तर फोटो फिकट येणार. पण भिंगाच्या कडेला, आतल्या काळ्या रंगावर पांढरे ठिपके दिसले, विशेषतः श्नायडरमध्ये, तर घाबरू नका. तो रंग सुटलेला असतो, चित्रावर परिणाम शून्य. भाव करायला मात्र ते ठिपके फार उपयोगी. समोरच्या काचेवरच्या एखाद्या ओरखड्यानेही काही बिघडत नाही.

मग शटर. एक सेकंद लावा, ताणा, सोडा आणि कान लावून ऐका. आतली चक्रं सलग कुरकुरत गेली आणि सेकंदाच्या जवळपास बंद झाली तर बरं. मध्येच अडखळली तर तेल घट्ट झालंय, सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करून मागा. आपल्याला संथ वेगच लागणार असल्याने तेच नीट तपासायचे. ४०० वा भाग प्रत्यक्षात २५० वा निघाला तरी काही अडत नाही. शटर जुनं कॉम्पुर नावाचं असेल तर ते ताणल्यावर सगळ्यात वरचा वेग लावू नका, आतली स्प्रिंग दुखावते. त्यामानाने कोपाल साधं आणि भरवशाचं. त्याची मापं शून्य, एक आणि तीन. बोर्डाला भोक अनुक्रमे साधारण ३५, ४२ आणि ६५ मिमीचं लागतं. बोर्ड घेताना एवढं सांगितलं की पुरे.

शटर नसलेल्या लेन्सही फार स्वस्तात दिसतात. ऑफसेट छपाईच्या प्रोसेस कॅमेऱ्यांमधल्या एफ ९ च्या लेन्स अप्रतिम धारदार असतात, पण पहिली लेन्स म्हणून नकोच. उन्हात त्यांना उघडझाप कशाने करणार?

आता कॅमेरा

प्रकार तीन. मोनोरेल म्हणजे एका दांड्यावर दोन चौकटी: सिनार, कॅम्बो, टोयो. हालचाली भरपूर, शिकायला उत्तम, जुन्यात सगळ्यांत स्वस्त, आणि वागवायला शिक्षा. घरात टेबलावर काम करणाऱ्याने किंवा गाडीच्या डिकीपासून पन्नास पावलांवर फोटो काढणाऱ्याने खुशाल घ्यावा. दुसरा प्रेस कॅमेरा, स्पीड ग्राफिक, क्राउन ग्राफिक वगैरे. दणकट, पण हालचाली तुटपुंज्या. देवळांसाठी मी सुचवणार नाही. तिसरा घडीचा फील्ड कॅमेरा: विस्टा, ताचिहारा, शेन हाओ, चामोनिक्स, इंट्रेपिड. इंट्रेपिड दीड किलोच्या आत बसतो. अॅक्टिव्हावरून अंजनेरीला जाणाऱ्याने, पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढणाऱ्याने दुसरा विचारच करू नये.

बघायचं काय? बेलोज ३०० मिमीपर्यंत लांबतो का. १५० ची लेन्स ३०० पर्यंत ओढली की वस्तू फिल्मवर जशीच्या तशी, पूर्ण आकारात येते. २१० वरही जवळचं बऱ्यापैकी टिपता येतं. ३०० ची लेन्स मात्र तेवढ्यात फक्त लांबवरच फोकस होईल. बेलोज किती आवळला जातो हेही बघा, पुढे ९० घेणार असाल तर. बोर्ड लिनहॉफ टेक्निका मापाचा, म्हणजे ९६×९९ मिमीचा असेल तर उत्तम, कारण बहुतेक घडीचे कॅमेरे तोच घेतात आणि उद्या कॅमेरा बदलला तरी बोर्ड बदलावे लागत नाहीत. शेवटी अंधाऱ्या खोलीत बेलोजच्या आत टॉर्च पेटवून घड्यांचे कोपरे तपासा. सुईच्या अग्राएवढं भोकही दिसतं. काळ्या चिकटपट्टीने ते बुजतं, पण विकणाऱ्याला दाखवून द्यायला हरकत नाही.

ट्रायपॉडवर कंजुषी नको. ग्राउंड ग्लासवर भिंग टेकवताना कॅमेरा लटपटला तर बाकीचं सगळं फुकट.

कधीकधी कोणाच्या तरी माळ्यावरून आजोबांच्या स्टुडिओचा लाकडी कॅमेरा निघतो. केरळात अलेप्पीला बनलेले वागीश्वरी कॅमेरे एके काळी देशभरच्या स्टुडिओंमध्ये होते. त्यांचं काय करायचं? ४×५ ची फिल्म त्यांच्या हाफ प्लेट या जुन्या मापाच्या होल्डरमध्ये बसत नाही, लेन्सला बहुधा शटर नसतं. पण फेकू नका, विकूही नका. ब्लॅक अँड व्हाइट फोटोपेपर हाफ प्लेटला कापून फिल्मच्या जागी लावा. त्याचा वेग आयएसओ ६ च्या आसपास, त्यामुळे एफ ३२ ला सावलीत पाचेक सेकंद लागतात. लेन्सचं झाकण काढायचं, मोजायचं, लावायचं. शटर हवंय कशाला?

फिल्मबद्दल थोडक्यात. इलफर्ड एचपी ५ प्लस, एफपी ४ प्लस, फोमापान १००, कोडॅकच्या टी-मॅक्स आणि पोर्ट्रा, सगळ्या ४×५ मध्ये येतात. एका शीटला शंभराच्या नोटा मोजाव्या लागतात, म्हणून सरावासाठी मेडिकल एक्स-रे फिल्म बघा. ८×१० इंचाची शीट चार तुकड्यांत साधारण ४×५ होते. हिरव्याला संवेदनशील असलेली घेतली तर गडद लाल दिव्यात कापता आणि भरता येते, अंधारात चाचपडायला नको. दोन्ही बाजूंना इमल्शन, म्हणजे चित्र उमटवणारा लेप, असल्याने ओरखडे फार पटकन पडतात, ट्रेमध्ये एकेकच शीट धुवा. आणि तिला लाल दिसत नाही. शेंदूर फासलेला मारुती पार काळा येईल, आभाळ पांढरंफटक. काळारामाच्या काळ्या दगडाला मात्र ती छान मानवते.

होल्डर पाच घ्या. प्रत्येकात दोन शीट, म्हणजे दहा फोटो. फिडेलिटी, लिस्को, राइटवे, टोयो, कुठलेही चालतात, डार्क स्लाइड, म्हणजे फिल्म झाकणारी सरकती पट्टी, वाकलेली नसली म्हणजे झालं. स्लाइडच्या मुठीची पांढरी बाजू बाहेर असेल तर फिल्म कोरी, काळी बाहेर असेल तर काढलेली, ही सर्वत्र पाळली जाणारी रीत आहे. नेहमीची फिल्म अंधारात भरताना शीट उभी धरून कडेच्या खाचा वरच्या उजव्या कोपऱ्यात आणा, म्हणजे इमल्शन तुमच्याकडे येतं. एक्स-रे फिल्मला दोन्ही बाजू सारख्याच, तिथे हा प्रश्न नाही. गोंदेश्वर आणि पांडवलेणी पुरातत्त्व खात्याकडे आहेत, तेव्हा ट्रायपॉड घेऊन निघण्याआधी परवानगीचं विचारून घ्या. मोबाइल घेऊन आलेल्या शंभर जणांना कोणी काही म्हणत नाही, काळं कापड डोक्यावर घेतलेल्या एकालाच सगळे हटकतात.